वाचकांचे प्रश्न : घरातील हाय-फाय आणि स्विचिंग अ‍ॅम्प्लिफायर

स्विचिंग, म्हणजेच डी-क्लास, अ‍ॅम्प्लिफायरविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (सातारा) : माझ्याकडे प्रति चॅनेल ५० वॅटचा जुना एबी-क्लास अ‍ॅम्प्लिफायर होता, त्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दुकानदार तळहातावर मावेल असा डी-क्लास अ‍ॅम्प्लिफायर घ्या म्हणतो, तर ध्वनिमुद्रणाचा शौक असलेले माझे स्नेही म्हणतात की हा प्रकार रिक्षात आणि मिरवणुकीत ठीक, घरात ख्याल ऐकण्यासाठी नाही. माझे स्पीकर ८ ओहमचे, ८७ डेसिबल संवेदनशीलतेचे आहेत. काय करावे?

उत्तर : आपल्या स्नेह्यांचे मत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी बरोबर ठरले असते. आज ते तसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. परंतु दुकानदाराच्या हातातील प्रत्येक डबी चांगलीच असेल असेही नाही, म्हणून थोडे मुळात जाऊन पाहू.

एबी-क्लासमध्ये आउटपुटचे ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखे काम करतात. स्पीकरला जेवढा व्होल्टेज हवा तेवढा पुढे जातो आणि उरलेला ट्रान्झिस्टरवर पडून त्याची उष्णता होते, म्हणून त्या यंत्रांना जाड हीटसिंक आणि वजनदार ट्रान्सफॉर्मर लागतो. डी-क्लासमध्ये ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो, नाही तर पूर्ण बंद. चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसतो आणि बंद असताना त्याच्यातून प्रवाह जात नाही, त्यामुळे दोन्ही अवस्थांत वाया जाणारी वीज अल्प असते. ही उघडझाप सेकंदाला सुमारे तीन ते सहा लाख वेळा होते. संगीताचा संकेत ज्या क्षणी वर असतो त्या क्षणी चालू राहण्याचा काळ लांबतो आणि खाली असतो तेव्हा आखडतो. शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर मिळून या तुकड्यांची सरासरी काढतात, आणि ती सरासरी म्हणजेच मूळ संगीत. तुकड्यांची रुंदी कोणतीही असू शकते, ती ठरावीक पायऱ्यांनी बदलत नाही, त्यामुळे या यंत्राला सरसकट डिजिटल म्हणणे बरोबर नाही. पूर्ण आवाजावर याची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते, तर शुद्ध बी-क्लासची सैद्धांतिक मर्यादाच ७८.५ टक्के आहे.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यास सिंक्लेअर कंपनीने एक्स-१० नावाचा असा अ‍ॅम्प्लिफायर किटच्या रूपात विकला होता, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने उघडझाप करण्यास समर्थ नव्हते आणि तो शेजारच्या रेडिओत खरखर करी. मॉसफेट हे वेगवान ट्रान्झिस्टर आल्यावर चित्र पालटले. डेन्मार्कमधील आइसपॉवर, कॅलिफोर्नियातील ट्रायपाथ आणि फिलिप्समध्ये ब्रुनो पुट्झेस यांनी विकसित केलेली, पुढे हायपेक्स या डच कंपनीने रुजवलेली पद्धती, या तिघांनी मिळून १९९५ ते २०१० या काळात डी-क्लासला बैठकीच्या खोलीत आणले. पुट्झेस यांच्याच पुढच्या पिढीतील मॉड्यूलांचे विकृतीचे, म्हणजे मूळ संकेतात यंत्राने केलेल्या बिघाडाचे, मोजमाप आज अनेक नामांकित एबी-क्लास यंत्रांपेक्षा चांगले येते. म्हणजे उघडझाप हा दोष नाही. दोष राहतो तो तीन ठिकाणी : वीजपुरवठ्यात, आउटपुटच्या कॉइल-कपॅसिटरमध्ये, आणि फीडबॅक (आउटपुट मूळ संकेताशी ताडून चूक सुधारण्याची योजना) त्या कॉइलच्या आधी घेतला आहे की नंतर, यात. यांची चर्चा पुढील उत्तरांत येईलच.

आपल्यापुरते सांगायचे, तर ख्याल हा या यंत्राला अवघड जाणारा प्रकार नाही. आपले स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतात. मध्यम आकाराच्या खोलीत नेहमीच्या आवाजात ऐकताना सरासरी एक वॅटही खर्च होत नाही, आणि तबल्याच्या ठसठशीत थापेला क्षणभर दहा-पंधरा वॅट लागले तरी पुरे. २४ व्होल्टवर चालणारा, ८ ओहमला खरोखर ३० वॅटच्या आसपास देणारा अ‍ॅम्प्लिफायर आपल्याला पुरेल. निवड कानाने करावी आणि त्यासाठी तंबोरा हे उत्तम साधन आहे. चांगल्या ध्वनिमुद्रणातील तंबोऱ्याची जवारी सुटी, चमकती आणि सलग ऐकू आली पाहिजे. ती चरचरीत झाली किंवा गायकाच्या आवाजामागे चिकटून बसली, तर यंत्र परत करावे. मात्र ही परीक्षा आपल्याच स्पीकरवर आणि आपल्याच खोलीत व्हावी, दुकानाच्या गोंगाटात नव्हे.

जुने यंत्रही लगेच भंगारात काढू नये. बाकीचे सर्किट धड असेल आणि चांगला कारागीर हाताशी असेल, तर ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करून घेणे हाही शहाणपणाचा पर्याय आहे. डी-क्लासमध्ये चिप जळाली, तर बहुधा संपूर्ण बोर्डच बदलावा लागतो.

प्रश्न (नाशिक) : मी घेतलेल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर ‘१०० + १०० वॅट’ लिहिले आहे आणि सोबत १९ व्होल्टचा, लॅपटॉपला असतो तसा अ‍ॅडाप्टर दिला आहे. आवाज मोठा केला की डग्ग्याच्या जोरदार घुमाऱ्याला आवाज फाटतो. यंत्र सदोष आहे का?

उत्तर : यंत्र बहुधा ठीक आहे, आकडा सदोष आहे. हे ताडून पाहण्यास कागद-पेन्सिल पुरते. अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटचे शिखर पुरवठ्याच्या व्होल्टेजपलीकडे जाऊ शकत नाही. पुरवठ्याच्या व्होल्टेजचा वर्ग करावा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागावे, म्हणजे मिळू शकणारी कमाल शक्ती निघते. १९ चा वर्ग ३६१. ८ ओहमसाठी १६ ने भागल्यास साडेबावीस वॅट आणि ४ ओहमसाठी पंचेचाळीस. ट्रान्झिस्टर आणि कॉइलमधील घट वजा जाता ८ ओहमला वीस वॅट धरावेत. २४ व्होल्टवर हाच हिशेब अनुक्रमे ३६ आणि ७२ वॅटवर येतो. १९ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवरून दर चॅनेलला १०० वॅट कोणत्याही चिपमधून निघणार नाहीत.

आणखी एक खाचखळगा आहे. चिपचे उत्पादक जी कमाल शक्ती ठळक छापतात ती पुष्कळदा दहा टक्के विकृतीवर मोजलेली असते. दहा टक्के विकृती म्हणजे लाटेचे माथे उघडउघड छाटले गेले आहेत. तेच मोजमाप एक टक्का विकृतीवर घेतले, तर शक्ती साधारण पाचव्या हिश्शाने खाली येते. उदाहरणार्थ, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची लोकप्रिय टीपीए ३११६ ही चिप दोन चॅनेलला ५०-५० वॅट देते, पण ४ ओहमला, २१ व्होल्टवर आणि दहा टक्के विकृतीला. हे तपशील कंपनी आपल्या डेटाशीटमध्ये प्रामाणिकपणे देते. खोके छापणारा मात्र ते गाळतो आणि वर स्वतःची भर घालतो.

आता अ‍ॅडाप्टर. १९ व्होल्ट, ३.४२ अँपियर म्हणजे ६५ वॅट. आपले स्पीकर ८ ओहमचे असतील, तर दोन्ही चॅनेल पूर्ण भरात असतानाही नुकसान धरून पंचेचाळीस वॅटच्या आसपास मागणी होते, म्हणजे अ‍ॅडाप्टर पुरतो. ते ४ ओहमचे असतील, तर हीच मागणी ऐंशीच्या पुढे जाते. संगीताची सरासरी शिखरांपेक्षा खूपच कमी असते, त्यामुळे एरवी ते निभावते. पण खर्जाचा लांबलेला घुमारा आला की अ‍ॅडाप्टरचा व्होल्टेज कोसळतो किंवा तो क्षणभर स्वतःला बंद करतो. आपल्याला ‘फाटल्यासारखे’ जे ऐकू येते ते बहुधा हेच, नाही तर वर सांगितलेली माथ्याची छाटणी. चिप २४ व्होल्ट सोसत असल्याची खात्री करून २४ व्होल्ट, ५ अँपियरचा, बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असलेला पुरवठा लावून पाहावा. वजनाला हलका आणि विना-चिन्हाचा स्वस्त अ‍ॅडाप्टर घेऊन इथे पैसे वाचवू नयेत, कारण डी-क्लास यंत्रात पुरवठा हा ध्वनिमार्गाचाच भाग असतो. साध्या रचनेत त्याचा चढउतार थेट स्पीकरपर्यंत पोहोचतो.

शंभराऐवजी वीस वॅट हाती आले म्हणून फार हळहळण्याचेही कारण नाही. त्या दोहोंतील अंतर सात डेसिबल आहे, आणि आवाज कानाला दुप्पट वाटण्यास सुमारे दहा डेसिबल लागतात.

प्रश्न (मडगाव) : एकच डी-क्लास अ‍ॅम्प्लिफायर माझ्या स्पीकरवर कर्कश वाटतो आणि भावाच्या स्पीकरवर मवाळ, किंबहुना थोडा मंद. अ‍ॅम्प्लिफायर बदलत नाही, मग हा फरक फक्त स्पीकरचा मानावा का?

उत्तर : बराचसा स्पीकरचा, पण सगळा नाही. आउटपुटमधील कॉइल-कपॅसिटरची जोडी ठरावीक ओहम गृहीत धरून आखलेली असते. १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरड ही नेहमीची जोडी घेतली, तर ती सुमारे ६१ किलोहर्ट्झला झुलते. ८ ओहमवर २० किलोहर्ट्झला तिचा आवाज अर्ध्या डेसिबलने चढतो, तर ४ ओहमवर पाऊण डेसिबलने उतरतो. शिवाय स्पीकरवर लिहिलेले ओहम हे नाममात्र असतात आणि पुष्कळ ट्विटरचा (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरचा) अडथळा वरच्या कंप्रतेला वाढत जातो. कॉइल मोठी असली, तर फरक याहून जास्त पडतो. फीडबॅक कॉइलच्या आधीच घेतलेल्या यंत्रांत हे घडते. जिथे तो कॉइलनंतर, म्हणजे स्पीकरच्या टर्मिनलवरून, घेतला जातो, तिथे यंत्र स्वतःच ही चूक दुरुस्त करते आणि स्पीकर कोणताही जोडला तरी प्रतिसाद जवळजवळ सपाट राहतो. हायपेक्स आणि प्युरिफाय या कंपन्यांची मॉड्यूले या प्रकारची आहेत, आणि अलीकडे काही स्वस्त यंत्रांतही ही सोय येऊ लागली आहे. खरेदी करताना विचारण्याजोगा सर्वांत उपयुक्त प्रश्न हाच आहे, आणि दुकानदाराला उत्तर आले नाही तर तेही उत्तरच समजावे.

तरीही ‘कर्कश’ हा शब्द वाचून माझा पहिला संशय खोलीवर जातो. अर्ध्या-पाऊण डेसिबलचा फरक, तोही २० किलोहर्ट्झला, पन्नाशी गाठलेल्या कानाला जाणवणे कठीण आहे. गुळगुळीत फरशी, काचेच्या मोठ्या खिडक्या आणि उघड्या भिंती असलेल्या दिवाणखान्यात मात्र दोन ते पाच किलोहर्ट्झचा आवाज वारंवार आपटून परततो, आणि कानाला खुपतो तो नेमका हाच पट्टा. दोन्ही स्पीकर आणि तोच अ‍ॅम्प्लिफायर एकाच खोलीत ऐकून पाहावेत. आधी स्पीकरसमोर जाड सतरंजी अंथरावी, खिडकीला पडदा लावावा, आणि मगच यंत्राला दोष द्यावा.

स्पीकर न जोडता असे यंत्र मोठ्या आवाजात चालवू नये, हेही येथेच सांगतो. भार नसताना ती जोडी अनावर झुलते आणि आउटपुटचे भाग त्यात जाऊ शकतात.

प्रश्न (ठाणे) : जुन्या सबवूफरला अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरून जोडणी दिली आणि अ‍ॅम्प्लिफायर तत्काळ बंद पडला. पुन्हा चालू केल्यावर तो सुरू झाला. जोडणीत काय चुकले?

उत्तर : आपला अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोके चालवणारा, असावा. २४ व्होल्टच्या यंत्रात अशा वेळी स्पीकरच्या लाल आणि काळ्या, दोन्ही टर्मिनलवर जमिनीच्या संदर्भात प्रत्येकी १२ व्होल्ट असतात. दोघांमधील फरक शून्य असल्यामुळे स्पीकर शांत राहतो, पण काळे टर्मिनल म्हणजे ‘जमीन’ हा जुना नियम येथे लागू पडत नाही. सबवूफरच्या आत दोन्ही चॅनेलच्या काळ्या तारा एकत्र करून चॅसीला जोडलेल्या असणार. त्याबरोबर १२ व्होल्टचा शॉर्ट झाला आणि संरक्षण सर्किटने यंत्र वाचवले. ते प्रत्येक वेळी वाचवेलच असे नाही. दोन जोडी स्पीकरमधून एक निवडण्याचे जुने स्विचबॉक्स, हेडफोनचे जोडकाम, सुईचे मीटर असलेल्या डब्या आणि दुरुस्ती करताना ऑसिलोस्कोपची जमिनीची क्लिप, या सर्वांबाबत हीच दक्षता घ्यावी.

तपासणी सोपी आहे. संगीत बंद ठेवून मल्टिमीटरची एक सुई यंत्राच्या आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला आणि दुसरी काळ्या स्पीकर टर्मिनलला लावावी. पुरवठ्याच्या निम्मा व्होल्टेज दिसला, तर यंत्र ब्रिज पद्धतीचे आहे. सबवूफरला मग लाइन आउटपुटमधूनच संकेत द्यावा.

प्रश्न (पुणे) : अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की शेजारच्या खोलीतील रेडिओवर आकाशवाणी पुणे केंद्रावर शिट्टी येते.

उत्तर : पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. आपला अ‍ॅम्प्लिफायर ४०० किलोहर्ट्झला उघडझाप करत असेल, तर त्याचा दुसरा गुणक ८०० किलोहर्ट्झवर पडतो आणि दोहोंतील आठ किलोहर्ट्झचा फरक शिट्टीच्या रूपाने ऐकू येतो. अनेक चिपमध्ये स्विचिंगची कंप्रता बदलण्याची सोय नेमकी याच कारणासाठी ठेवलेली असते, मात्र स्वस्त बोर्डांवर ती एका जागी बांधून टाकलेली असते. स्पीकरच्या तारा एरियलचे काम करतात. त्या आखूड कराव्यात, दोन्ही तारांना पीळ द्यावा आणि यंत्राकडील टोकाला त्या फेराइटच्या कड्यातून ओवाव्यात. प्लास्टिकऐवजी धातूच्या पेटीतील यंत्र अशा घरात बरे. या उघडझापेचा जो अवशेष स्पीकरपर्यंत पोहोचतो तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो आणि त्यातून ट्विटर तापत नाही, याविषयी पुष्कळांनी विचारले होते म्हणून लिहिले.

प्रश्न (नागपूर) : मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि वीजही जाते. स्विचिंग अ‍ॅम्प्लिफायर इन्व्हर्टरवर चालवावा का?

उत्तर : विदर्भासाठी हीच या यंत्रांची सर्वांत जमेची बाजू आहे. मध्यम एबी-क्लास यंत्र नुसते चालू असताना चाळीसेक वॅट घेते. दररोज सहा तास धरले, तर महिन्याला सात युनिट जातात आणि ती सर्व वीज खोलीत उष्णता म्हणून उतरते. तेवढ्याच कामाला डी-क्लास यंत्राला आठेक वॅट, म्हणजे दीड युनिटच्या आत, पुरते. इन्व्हर्टर स्क्वेअर-वेव्ह प्रकारचा असेल, तर जुन्या ट्रान्सफॉर्मरची पत्रे घुमू लागतात आणि लाटेचे शिखर साइन लाटेपेक्षा कमी असल्यामुळे शक्तीही जवळपास निम्म्यावर येते. स्विचिंग पुरवठ्याला याची फारशी फिकीर नसते. फक्त त्यावर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असावे. वीज परत येतानाचा झटका टाळण्यासाठी सर्ज प्रोटेक्टर जरूर लावावा.

थंड चालणारे यंत्र म्हणून ते बंद कपाटात मात्र कोंबू नये. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते, आणि ही चिमुकली यंत्रे आपली धातूची पेटीच हीटसिंक म्हणून वापरतात. वायुवीजनाच्या फटींवर बारीक जाळी लावल्यास पालही आत जाणार नाही. पुरवठ्याच्या बोर्डावर आडव्या झालेल्या पाली कारागिरांना नवीन नाहीत.

प्रश्न (कोल्हापूर) : अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीला हात लावला की मुंग्या येतात आणि सेट-टॉप बॉक्स जोडला की घुंई असा आवाज येतो.

उत्तर : दोन पिनच्या अ‍ॅडाप्टरमध्ये रेडिओ-गोंगाट दाबण्यासाठी एक कपॅसिटर असतो आणि त्यातून अत्यल्प प्रवाह पेटीपर्यंत येतो. मुंग्या त्याच्याच. अर्थिंग असलेला तीन पिनचा पुरवठा वापरल्यास त्या थांबतात, परंतु आधी वायरमनकडून घरातील अर्थिंग खरोखर जोडलेले असल्याची खात्री करून घ्यावी, आणि पेटी न्यूट्रलला जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. मुंग्यांऐवजी झटका बसत असेल, तर यंत्र त्वरित बंद करून तपासून घ्यावे. घुंई आवाज केबलच्या तारेतून येणाऱ्या दुसऱ्या जमिनीचा असावा. सेट-टॉप बॉक्समधील केबल क्षणभर काढून पाहावी. आवाज थांबला, तर टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटमधून जोडणी घ्यावी. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, जमीन जात नाही.

प्रश्न (बंगळूर) : व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि डी-क्लास पॉवर अ‍ॅम्प्लिफायर ही जोडी ऐकताना बेस हरवल्यासारखा वाटतो.

उत्तर : ही जोडी उत्तम जमू शकते, परंतु डी-क्लास चिपचा इनपुट अडथळा पुष्कळदा कमी असतो आणि गेन (संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण) वाढवल्यावर तो आणखी उतरतो. व्हॉल्व्ह यंत्राच्या शेवटी ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि पुढे १० किलोओहम असतील, तर ७२ हर्ट्झच्या खालचा आवाज उतरू लागतो. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, यावरून काय गमावले जाते ते लक्षात येईल. इनपुट अडथळा ४७ किलोओहम असलेल्या यंत्रावर हीच मर्यादा १५ हर्ट्झपर्यंत खाली जाते. आहे तेच यंत्र ठेवायचे असेल, तर कपॅसिटर बदलून २.२ मायक्रोफॅरडचा घालता येतो, पण तेथे शेकडो व्होल्टचा डीसी असतो, म्हणून योग्य व्होल्टेजचा भाग निवडून हे काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. गेन बदलण्याची सोय असेल, तर तो कमीत कमी ठेवावा. अतिसंवेदनशील स्पीकरमधून येणारा सूं असा आवाजही त्याने घटतो. चालू करताना प्रीअ‍ॅम्प्लिफायर आधी आणि व्हॉल्व्ह तापल्यावर पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, तर बंद करताना याच्या उलट क्रम पाळावा.